७१४ नंबरचा बिल्ला

गणपतीतली गोष्ट. लॉस एंजेलिसजवळच्या एका मराठी घरी आरती झाली, पंगत उठत आली आणि शेवटच्या मोदकावर वाद पेटला. निमित्त होतं कुणाच्या तरी फोनवर आलेल्या व्हिडिओचं: पोलिसांनी एका माणसाला जमिनीवर दाबून धरलंय आणि भोवती आरडाओरडा चाललाय. घरचे आजोबा १९७२ साली या देशात आले. ते म्हणाले, "आधी असे पोलीस नव्हते गं इथे. टीव्हीवर 'ड्रॅगनेट' मालिकेत तो सार्जंट फ्रायडे असायचा, दारात उभा राहिला तरी 'मॅडम' म्हटल्याशिवाय तोंड उघडायचा नाही." कायदा शिकणारी त्यांची नात ताडकन म्हणाली, "आजोबा, ती पोलिसांची जाहिरात होती. असल्या मालिकांनीच हे सगळं डोक्यावर बसवलंय." अर्धा तास दोघं एकमेकांना ऐकू न जाता बोलत राहिली. शेवटी मी नातीला विचारलं, तू त्यातला एखादा भाग पाहिलायस का? नाही. आजोबांनी पाहिले होते, पण १९६७ साली मालिका पुन्हा सुरू झाली त्यानंतरचे, पुनःप्रसारणातले. ज्या जुन्या काळाची ते ग्वाही देत होते, तो त्यांचं विमान उतरण्याआधीच सरला होता.

अमेरिकेत हा वाद २०२० पासून असाच चालू आहे. त्या वर्षी मिनिआपोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला आणि काही आठवड्यांत 'कॉप्स' आणि 'लाइव्ह पीडी' हे खऱ्या पोलिसांमागे कॅमेरा घेऊन फिरणारे कार्यक्रम बंद झाले. मग दोषाचं बोट मागे सरकत सरकत १९५० च्या दशकातल्या पोलीस मालिकांपर्यंत गेलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. जाहिरात होती, यात शंका नाही. पण जाहिरातीत वचन असतं, आणि चारचौघांत दिलेलं वचन देणाऱ्याच्याच गळ्याशी येऊ शकतं. त्या जुन्या मालिकांनी पोलिसांच्या चुका झाकल्या हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की पोलिसाने कसं वागावं याचं माप त्यांनीच घरोघरी नेऊन ठेवलं. म्हणून त्यांचा खरा उपयोग पोलिसांच्या टीकाकारांना आहे. गंमत अशी, की टीकाकार त्या फेकून द्यायला निघालेत आणि ज्यांना त्या अडचणीच्या व्हायला हव्यात तेच त्यांच्या आठवणीने गहिवरतात.

आधी काय होतं ते पाहू. १९१२ पासून पडद्यावर कीस्टोन कॉप्स धडपडत होते. पोलीस म्हणजे एकमेकांच्या अंगावर कोसळणाऱ्या गणवेशधाऱ्यांचा गोंधळ. पुढे गुन्हेगारी कथांमध्ये नायक झाला तो खाजगी डिटेक्टिव्ह, आणि पोलीस एक तर मठ्ठ किंवा विकलेला. लॉस एंजेलिसच्या बाबतीत हे निव्वळ कल्पनेतलं नव्हतं. १९४९ साली एका कुंटणखान्याच्या मालकिणीशी पोलिसांचे असलेले लागेबांधे उघडे पडले आणि पोलीसप्रमुखांना पायउतार व्हावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये एनबीसी रेडिओवर 'ड्रॅगनेट' सुरू झालं. जॅक वेब नावाच्या नटाने एका चित्रपटात पोलीस प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाची बारीकशी भूमिका केली होती. तिथे सल्लागार म्हणून आलेल्या एका खऱ्या डिटेक्टिव्हशी गप्पा मारताना त्याला ही मालिका सुचली. १९५१ च्या डिसेंबरात ती टीव्हीवर आली आणि १९५३-५४ च्या हंगामात लोकप्रियतेत तिच्या पुढे एकच कार्यक्रम उरला, 'आय लव्ह ल्युसी'.

आज एखादा भाग लावून पाहा. पहिल्यांदा कंटाळा येईल. घटना खरी आहे, निरपराधांच्या रक्षणासाठी फक्त नावं बदलली आहेत, एवढं सांगून निवेदन सुरू होतं: वार, तारीख, हवा कशी होती, दिवसपाळी की रात्रपाळी, कोणती शाखा, जोडीदार कोण, वरचे साहेब कोण. हा नायक स्वतःची ओळखसुद्धा पंचनाम्याच्या भाषेत करून देतो. मग तो दारं वाजवत फिरतो. एक बाई काहीतरी सांगते, निम्मं निरुपयोगी. तो वहीत लिहून घेतो. दुसरं दार, तिसरं दार. वेब नटांना पाठांतर करू देत नसे. समोरच्या यंत्रावरून सरकणारे संवाद वाचायला लावत असे, आवाजात नाटक शिरू नये म्हणून. कॅमेरा चेहऱ्याला चिकटलेला. गोळीबार क्वचित, धावाधाव त्याहून क्वचित. सुरुवातीच्या रेडिओ भागांमधला फ्रायडे अविवाहित आहे आणि आईबरोबर राहतो. पिस्तूल कमरेला लावलेला, पण वळणाने अगदी सरकारी कचेरीतल्या प्रामाणिक हेडक्लार्कसारखा माणूस. महायुद्धावरून परतून पगारी नोकरीला लागलेल्या, हप्त्यांवर घर घेतलेल्या एका अख्ख्या पिढीने त्याच्यात स्वतःला पाहिलं असणार. त्या पिढीला ज्यांचं मोल होतं ती मूल्यं सगळी इथे आहेत: वेळेवर येणं, नोंद ठेवणं, वरिष्ठाला उत्तर देणं, आवाज न चढवणं. (आणि हो, ज्या वाक्यासाठी तो प्रसिद्ध आहे, 'जस्ट द फॅक्ट्स, मॅम', ते त्या शब्दांत तो म्हणतच नाही. ते लोकांच्या तोंडी रुळलं १९५३ च्या एका विडंबनामुळे. न पाहता वाद घालण्याची परंपरा जुनी आहे.)

आता नातीच्या बाजूचे मुद्दे. ते हलके नाहीत, आणि ते मांडताना ती स्वतः वापरत होती त्याहून भक्कम पुरावा उपलब्ध आहे. १९५० साली लॉस एंजेलिसचे पोलीसप्रमुख झालेले विल्यम पार्कर प्रसिद्धीचं मोल ओळखून होते. 'ड्रॅगनेट'च्या संहिता खात्याच्या नजरेखालून जात. बदल्यात खऱ्या फायली, खऱ्या गाड्या, खऱ्या इमारती मिळत. पार्करसाहेबांची भाषणं लिहून देणारा एक पोलीस होता जीन रॉडनबेरी, ज्याने पुढे 'स्टार ट्रेक' निर्माण केलं. खात्याला गोष्टी सांगणाऱ्यांची वाण नव्हती, हे त्यावरून कळावं. त्यात १९५१ च्या डिसेंबरात प्रसारण उद्योगाने स्वतःची टीव्ही आचारसंहिता मंजूर केली. कायद्याच्या रक्षकांना आदराने दाखवावं, असं तीत लिहूनच ठेवलं होतं.

पण यांहून बोचरी आहे ती एक तारीख. टीव्हीवर 'ड्रॅगनेट'चा पहिला भाग दिसला १६ डिसेंबर १९५१ रोजी. नऊ दिवसांनी, नाताळच्या पहाटे, याच शहराच्या पोलिसांनी कोठडीत सात तरुणांना बेदम मारलं. त्यांतले पाच मेक्सिकन वंशाचे होते. पोलिसांची पार्टी चालू होती, पोटात दारू होती, आणि कुणीतरी अफवा पसरवली होती की आपल्या एका सहकाऱ्याचा डोळा यांनी फोडला. प्रकरण बाहेर यायला पुढचं वर्ष उजाडलं. शेवटी आठ पोलिसांवर आरोपपत्रं, पाच दोषी, ५४ जणांच्या बदल्या, ३९ निलंबित. या घटनेवर सार्जंट फ्रायडेने कधी कुणाचं दार वाजवलं नाही.

वाजवलं ते वेगळ्याच नाताळात. २४ डिसेंबर १९५३ च्या भागात एका जुन्या चर्चच्या देखाव्यातली बाळ येशूची मूर्ती नाहीशी होते. वस्ती गरीब मेक्सिकन लोकांची. फ्रायडे आणि त्याचा जोडीदार, दोघं धर्मगुरूंना पूजेआधी मूर्ती शोधून देण्याचा शब्द देतात आणि दिवसभर पायपीट करतात. हाती काही लागत नाही. संध्याकाळी चर्चमध्ये कबुली द्यायला ते परत येतात, तर एक लहानगा लाल रंगाची खेळण्यातली गाडी ओढत आत येतो. गाडीत मूर्ती. त्याने गाडीसाठी नवस केला होता, आणि मिळाली तर पहिली फेरी बाळ येशूला मारून आणीन असं कबूल केलं होतं. गाडी मिळाली, त्याने शब्द पाळला. मी हा भाग दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा घसा दाटला. खोटं कशाला बोलू? आणि दोन्ही वेळा मनात आलं की दोन वर्षांपूर्वीच्या नाताळात कोठडीत मार खाणारी पोरंही कधीकाळी याच वयाची होती. तेच खातं, तोच सण, तोच समाज. पडद्यावरच्या मुलाच्या केसालाही धक्का लागत नाही, त्याच्याशी खाली वाकून बोललं जातं. याला प्रचार म्हणायचं नाही तर कशाला?

आणखी एक गोष्ट टीकाकारांच्या पारड्यात टाकतो. 'ड्रॅगनेट'मध्ये न्यायालय नाही. भागाच्या शेवटी निवेदक सांगतो की अमुक तारखेला लॉस एंजेलिस काउंटीच्या न्यायालयात खटला चालला, आणि निकाल थोड्याच वेळात. मध्ये सिगारेटची जाहिरात. मग आरोपी भिंतीला टेकून उभा, चुळबुळ करत, नजर कुठे ठेवावी ते न कळून, आणि खाली शिक्षा. वकील नाही, उलटतपासणी नाही, ज्यूरीचा चेहरा नाही. पोलिसाने पकडलं म्हणजे संपलं; न्यायालय हे नुसतं शिक्का मारायचं टेबल. माझ्या मते या मालिकेतलं खरं विष हे आहे, आणि ते गोड आवाजात दिलेलं असल्याने कुणाला कळलंही नाही.

पण थांबा. १९५७ च्या सप्टेंबरात टीव्हीवर आला 'पेरी मेसन', नायक बचाव पक्षाचा वकील. शहर तेच, लॉस एंजेलिस. तिथे दर आठवड्याला काय होतं? पोलीस चुकीच्या माणसाला धरतात. दर आठवड्याला! पोलिसांचा लेफ्टनंट ट्रॅग सभ्य आहे, हुशार आहे आणि जवळजवळ नेहमी चूक आहे. खरा खुनी सापडतो तो भर न्यायालयात, बचाव पक्षाच्या वकिलाच्या प्रश्नांपुढे. वकिलाची भूमिका करणारा रेमंड बर याआधी कुठे दिसला होता ठाऊक आहे? 'ड्रॅगनेट'च्या पहिल्याच टीव्ही भागात, पोलीस उपप्रमुखाच्या भूमिकेत. १९५७ ते १९५९ या काळात दोन्ही मालिका चालू होत्या आणि दोन्हींना प्रेक्षक होते. मग प्रचाराने भारून गेलेला तो भोळा प्रेक्षक कुठला? एका रात्री पोलिसावर विश्वास ठेवणारा आणि दुसऱ्या रात्री पोलीस चुकू शकतो हे मिटक्या मारत पाहणारा माणूस एकच होता. दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' पाहिलेल्या आपल्या पिढीला हे वेगळं सांगायला नको. ती मालिका बघून कुणी चौकीत जाताना निर्धास्त झालं होतं का?

आता मूळ मुद्दा. राज्यकर्त्यांच्या तोंडच्या गोड वचनाचं काय करायचं, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १८५८ चा राणीचा जाहीरनामा घ्या. बंड मोडून काढल्यावर काढलेला, रयतेला थंड करण्यासाठी लिहिलेला सरळसरळ प्रचाराचा कागद. वंश-धर्म न पाहता योग्यतेप्रमाणे सरकारी जागा देऊ, असं त्यात म्हटलं होतं. ते पाळायची साहेबाची कितपत इच्छा होती, हे पुढे दिसलंच. पण दादाभाई नौरोजींनी तो कागद फाडला नाही, घडी घालून खिशात ठेवला आणि चार दशकं साहेबाच्याच नाकासमोर धरला. त्यांच्या १९०१ च्या ग्रंथाच्या नावातच युक्तिवाद आहे: ब्रिटिशांना न शोभणारं ब्रिटिश राज्य. म्हणजे माप तुमचंच, मोजून दाखवतो आम्ही. जहाल म्हणत, ही भिकेची भाषा झाली. त्यांच्या म्हणण्यात दम होता. पण मवाळांनी ते माप इतकी वर्षं वापरून वापरून लोकांच्या हाती दिलं नसतं, तर पुढच्यांचा संताप इतक्या लोकांना समजला असता का?

'ड्रॅगनेट' हा असाच कागद आहे. १९६७ च्या दुसऱ्या फेरीतला एक भाग घ्या. ड्यूटीवर नसलेला फ्रायडे रात्री एका लाँड्रीत नाण्यांची पेटी फोडणाऱ्या चोराला हटकतो. चोर गोळी झाडतो, फ्रायडे उलट झाडतो, चोर मरतो. उरलेला भाग काय? चौकशी. आधी त्याने झाडली, असं फ्रायडे सांगतो, पण चोराची गोळी सापडत नाही. ती सापडेपर्यंत त्याच्या शब्दाला किंमत नाही. तो बाकावर बसून वाट पाहतो. एका मृत्यूसाठी, तेही हातात बंदूक असलेल्या चोराच्या, पोलिसाला गोळीगणिक हिशेब द्यावा लागतो, हे या मालिकेने मध्यमवर्गाला साधी, रोजची, रास्त गोष्ट म्हणून सांगितलं. आता नात म्हणेल की चौकशी करणारे सगळे खात्याचेच होते, आणि बाहेरच्या नागरिकांची समिती नेमायला पार्करचा आयुष्यभर विरोध होता. बरोबर. पण हिशेब द्यायचा असतो हे एकदा मान्य झालं, की कुणापुढे द्यायचा, एवढाच प्रश्न उरतो. आज पोलिसांची वकिली करणारे हिशेब मागण्यालाच खात्याचा अपमान म्हणतात, तेव्हा त्यांच्यापुढे हा भाग लावावा.

यावर सर्वांत कठीण आक्षेप असा: हे माप कुणाच्या घरी पोचलं? ज्यांना आधीपासून 'मॅडम' म्हणत होते त्यांच्याच. ११ ऑगस्ट १९६५ रोजी लॉस एंजेलिसमधली काळ्या लोकांची वस्ती, वॉट्स, पेटली, सहा दिवसांत ३४ माणसं गेली. तिथल्या लोकांना पोलीस कसे असतात हे सांगायला टीव्हीची गरज नव्हती. खुद्द खात्यात टॉम ब्रॅडली १९४० पासून होते. १९६१ साली लेफ्टनंट म्हणून बाहेर पडले आणि १९७३ साली शहराचे महापौर झाले. असा काळा अधिकारी फ्रायडेच्या १९५० च्या दशकातल्या जगात शोधून सापडत नाही. हे सगळं मी मान्य करतो, आणि तरी विचारतो: वॉट्सचा अनुभव ज्यांना नव्हता, त्यांना धक्का कशाने बसला? मे १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या रस्त्यावर नागरी हक्कांसाठी निघालेल्या शाळकरी मुलांवर कुत्रे आणि पाण्याचे फवारे सोडले गेले. ७ मार्च १९६५ च्या रात्री एबीसी वाहिनीने चालू चित्रपट थांबवून त्याच राज्यातल्या सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांवर झालेला लाठीमार दाखवला. त्याच दिवाणखान्यात, त्याच काचेवर. दहा-बारा वर्षं जिथे हॅट हातात घेऊन दारात उभा राहणारा पोलीस दिसला होता, तिथे आता घोड्यावरून लोकांना तुडवणारा पोलीस दिसत होता. विसंगती जाणवायला आधी संगती मनात असावी लागते. फ्रायडेनेच लोकांना जागं केलं, असा दावा मी करणार नाही. रस्त्यावर मार खाणाऱ्यांनी जागं केलं. पण मालिका पाहून लोक बधिर झाले, हा सिद्धान्त या दोन रात्रींपुढे टिकत नाही.

राहिले आजोबा. त्यांच्या स्मरणरंजनाला फार वेळ देत नाही, कारण तो निरागस काळ असा नव्हताच. गुंडांच्या मागे लागलेल्या सरकारी अधिकाऱ्यांची मालिका 'द अनटचेबल्स' १९५९ साली आली आणि प्रत्येक गुंडाला इटालियन आडनाव का, म्हणून इटालियन वंशाच्या लोकांनी इतका दबाव आणला की १९६१ साली सिगारेट कंपनीने प्रायोजकत्व सोडलं. 'नेकेड सिटी' ही पोलीस मालिका न्यूयॉर्कच्या खऱ्या गल्ल्यांमध्ये चित्रित होत होती आणि गुन्हेगार हा आधी खचलेला माणूस असतो, असं दाखवत होती. म्हणजे वादही होते, वेगळी नजरही होती. आणि आजोबांनी पाहिलेला फ्रायडे? तो तर बदललेला फ्रायडे. पार्कर जुलै १९६६ मध्ये वारले, जानेवारी १९६७ मध्ये मालिका परतली, मधल्या काळात वॉट्सची दंगल होऊन गेली होती. पहिल्याच भागात चेहरा अर्धा निळा रंगवलेला, नशेत जमिनीत डोकं खुपसून बसलेला एक पोरगा आहे. जुना फ्रायडे ऐकून घ्यायचा. हा व्याख्यान झोडतो. पोलिसाचं आयुष्य किती खडतर, समाज कसा कृतघ्न, पोरं कशी बिघडलीत. दारात उभा राहून विचारणारा माणूस आता व्यासपीठावर चढला होता. खात्याचा स्वतःवरचा भरवसा डळमळला की त्याची मालिकाही बडबडी होते, असं मला वाटतं.

शिवाय आजच्या दांडगाईचा वंशवृक्ष फ्रायडेपर्यंत नेणं हीच मुळात चूक आहे. १९७१ चा 'डर्टी हॅरी' हा चित्रपट आठवा. नियम हे गुन्हेगाराला वाचवण्यासाठी केलेले असतात आणि खरा मर्द ते मोडतो, हा विचार तिथे पोलीस नायकाच्या तोंडावर झळकतो, आणि शेवटी तो आपला बिल्ला काढून पाण्यात भिरकावतो. पुढच्या किती नायकांनी ती फेक गिरवली! फ्रायडेला हे पटलं नसतं. त्याने आधी पावती मागितली असती.

जॅक वेब २३ डिसेंबर १९८२ रोजी वारला. तो कधीही पोलीस नव्हता, तरी लॉस एंजेलिस पोलिसांनी फ्रायडेच्या बिल्ल्याचा ७१४ हा क्रमांक कायमचा बाजूला काढला. तसं जाहीर केलं तेव्हाचे प्रमुख डॅरिल गेट्स यांनी; तरुणपणी ते पार्करच्या गाडीचे चालक होते. मार्च १९९१ मध्ये त्यांच्याच माणसांनी रॉडनी किंग या काळ्या मोटारचालकाला रस्त्यावर बडवलं, आणि समोरच्या इमारतीतल्या एकाने ते कॅमेऱ्यात टिपलं. त्या रात्री तिथे हजर असलेल्या पोलिसांच्या छातीवर वेगवेगळे नंबर होते. ७१४ कुणालाच द्यायचा नाही, असं खात्याने आधीच ठरवून ठेवलं होतं.